सुट्टीनंतरची मळमळ

उलटी पोटातून येते, पण तिचा हुकूम पोटातूनच सुटतो असे नाही. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, उलटी घडवून आणणारी केंद्रे आहेत आणि त्यांच्याकडे चहूकडून निरोप येत असतात. नासलेले अन्न किंवा जंतूंचे विष आतड्यात पोहोचले की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस ही लांबलचक नस ती खबर वर नेते. विष किंवा औषध रक्तात उतरले तर मेंदूतला एक छोटा भाग थेट रक्तातूनच ते टिपतो. गाडी घाटात वळणे घेऊ लागली की निरोप आतल्या कानाकडून येतो. चौथी वाट मात्र वरून खाली येते. भीती, किळस, जुनी आठवण आणि पुढे येऊ घातलेल्या संकटाची कल्पना यांचा वावर मेंदूच्या ज्या भागांत असतो, तिथून ती निघते. पुढे काय होते ते सगळ्यांत सारखेच असते. तोंडाला पाणी सुटते, चेहरा पांढरा पडतो, जठराची मिनिटाला साधारण तीन लाटांची लय बिघडते, मग श्वासपटल आणि पोटाचे स्नायू मिळून जठर दाबतात आणि पोटातले बाहेर पडते. बेसिनमध्ये पडलेले पाहून ती कोणत्या वाटेने आली हे बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही. पुढची पाने त्या चौथ्या वाटेविषयी आहेत. या प्रस्तावनेत मांडायचे आहे ते असे: भीतीने, अपमानाने, काळजीने आलेली उलटी ही पूर्णपणे खरी, शारीरिक उलटी असते. तिचे कारण शोधायचे तर सगळ्या तपासण्या संपल्यावर उरलेल्या जागी ‘मन’ असे लिहून भागत नाही. पहिल्या भेटीतच, जंतू आणि विषारी वाफांच्या बरोबरीने, त्या माणसाच्या दिवसाची चौकशी करावी लागते.

हा विषय पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मांडायला कारण आहे. या शहराची औद्योगिक उभारणी ज्या कारखान्यांपासून सुरू झाली, त्यांत पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे नाव पहिल्या ओळीत येते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जंतूंशी लढण्याचे औषध जिथे बनले, तिथल्या माणसांनी आजाराचे कारण म्हणून आधी जंतूकडे पाहावे हे स्वाभाविक आहे, आणि बरोबरही आहे. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी भरत गेले. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, आणि निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांतून बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्यापासून बिहार, उत्तर प्रदेशापर्यंतची तरुण मुले एका खोलीत चौघे-सहाजण राहू लागली. तिथे उलटीची साधी कारणे भरपूर आहेत: टँकरचे पाणी, सकाळी केलेली आणि उन्हात राहिलेली डब्यातली भाजी, पेंट शॉपमधला थिनरचा वास, फौंड्रीतली धग, उपाशीपोटी घेतलेला तिसरा चहा. साध्या कारणांची अशी गर्दी असल्यामुळेच चौथी वाट दिसत नाही. मेडिकलच्या काउंटरवर ‘पित्त झालंय’ म्हटले की पँटोप्राझोलची पट्टी मिळते, आणि दवाखान्यात उलटी थांबवणारे इंजेक्शन मिळते. दोन्हींनी आराम पडतो. ऑन्डान्सेट्रॉनसारखे औषध निरोपाची वाट काही तास बंद करते, निरोप कोण धाडतो आहे हे काही विचारत नाही.

मनातल्या खळबळीने जठर खरोखर बदलते, हे डोळ्यांनी पाहिले गेले आहे. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. जखम भरली, पण पोटाच्या भिंतीला पडलेले छिद्र बुजले नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या छिद्रातून अनेक वर्षे जठराचे काम पाहिले आणि १८३३ मध्ये ते प्रसिद्ध केले. रागाच्या भरात पचन बिघडते ही त्याची एक नोंद होती. पुढे १९४० च्या दशकात स्ट्युअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ यांना ‘टॉम’ या नावाने ओळखला जाणारा असाच एक माणूस मिळाला. तो घाबरला, खचला की जठराचे अस्तर फिके पडे आणि हालचाल मंदावे. संतापला की ते लालभडक होई आणि आम्ल वाढे. याच स्ट्युअर्ट वुल्फने १९५० मध्ये नोंदवलेला प्रयोग तर अधिकच बोलका आहे. गर्भारपणात सतत मळमळणाऱ्या एका स्त्रीला त्याने इपिकॅक दिले, म्हणजे उलटी व्हावी म्हणूनच दिले जाणारे औषध, आणि याने मळमळ थांबेल असे सांगितले. तिची मळमळ थांबली. एका रुग्णावरून नियम काढता येत नाही हे खरे, परंतु वरून येणारा निरोप खालून येणाऱ्या निरोपावर मात करू शकतो एवढे त्यातून नक्की दिसते. आजच्या कर्करोग रुग्णालयांत याची उलटी बाजू रोज पाहायला मिळते. केमोथेरपीचे दोन-तीन डोस झालेल्या काही रुग्णांना चौथ्या वेळी सलाईन लावण्याआधीच, रुग्णालयाचा जिना चढताना किंवा स्पिरिटचा वास आला की उलटी होते. रक्तात औषधाचा थेंबही नसतो. शरीराने जागा, वास आणि त्रास यांची सांगड घातलेली असते आणि ती घालताना त्या माणसाची परवानगी घेतलेली नसते. इच्छाशक्तीने ती मोडतही नाही.

हीच सांगड कारखान्याच्या गेटशी बसू शकते. पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, काहींची रविवारी. सुट्टीनंतरच्या सकाळी मळमळते, उमासे येतात, डबा भरलेला पाहूनच नको वाटते, कंपनीच्या बसमध्ये चढताना घशाशी येते, आणि दिवाळीला गावी गेल्यावर आठवडाभर यातले काहीही होत नाही, असे सांगणारा तरुण डॉक्टरांना नवा नसतो. ऐकणारा लगेच म्हणेल, कामाचा कंटाळा, दुसरे काय. इथेच थांबायला हवे, कारण सुट्टीनंतरच्या दिवशी मळमळण्याचे एक अगदी वेगळे, अस्सल औद्योगिक कारणही आहे. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केले की झिंक ऑक्साइडचा धूर निघतो. तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव आणि मळमळ होते. रोज धूर घेणाऱ्याला शरीर थोडेफार सरावते, सुट्टीत तो सराव जातो, म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त होतो. वैद्यकशास्त्र याला धातुधुराचा ताप म्हणते, आणि पाश्चात्त्य कारखान्यांत त्याला सोमवारचा ताप असेही नाव पडले होते. दोन माणसे, दोघांची मळमळ सुट्टीनंतरच्याच दिवशी, आणि कारणे दोन टोकांची. फरक कळतो तो वेळेवरून. भीतीची मळमळ कामाच्या आधी येते, कधी आदल्या रात्री जेवतानाच सुरू होते, आणि एकदा काम हातात आले की बऱ्याचदा ओसरते. धुराची मळमळ काम करून परतल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री येते, अंगात ताप घेऊन येते आणि एक-दोन दिवसांत जाते. थिनर, टोल्युईनसारख्या द्रावकांची मळमळ कामाच्या मधेच, डोके जड होऊन येते आणि मोकळ्या हवेत गेल्यावर हलकी होते. बंद खोलीत शेगडी पेटवून किंवा गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठला तर डोके दुखून मळमळते, आणि खोलीतल्या सगळ्यांनाच मळमळते. ‘केव्हा’ हा एकच प्रश्न नीट विचारला तर महागड्या तपासणीइतके तो सांगून जातो. तो विचारायला दोन मिनिटे लागतात.

भावनिक कारण म्हणजे नेमके काय, हेही मोघम ठेवून चालणार नाही. ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिले तर त्याचा औषधासाठी उपयोग होत नाही आणि सुधारणेसाठीही होत नाही. कंत्राटी कामगाराला सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ मिळण्याची धास्ती असते. त्या महिन्यात खोलीभाडे, गावाकडचा हप्ता आणि बहिणीची फी यांचे काय करायचे, हा विचार रात्री तीन वाजता येतो. लाइनवर सायकल टाइम ठरलेला असतो, एक पीस चुकला की सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलतो, आणि उलटून बोलता येत नाही. गिळून टाकलेला राग हे मळमळीचे फार जुने कारण आहे. प्रेसवर मित्राची बोटे गेलेली पाहिलेल्या माणसाला तेलाच्या वासाने महिनोन्महिने ढवळू शकते. ती किळस नसते, तो धक्का असतो, आणि त्याला उपचार आहे. नाईट शिफ्टचे गणित आणखी निराळे. जठर आणि आतडी यांनाही दिवस-रात्रीचे घड्याळ असते, रात्री पचनाची गती मंद असते, तेव्हा पहाटे दोनला कॅन्टीनमध्ये खाल्लेला वडापाव आणि तुटपुंजी झोप यांवर काळजीची भर पडली की चौथी वाट अधिक सहज उघडते. नैराश्यात भूक मरते आणि सकाळ सगळ्यांत वाईट जाते. तीव्र भीतीच्या झटक्यात छाती धडधडणे, हातापायांना मुंग्या येणे आणि मळमळणे बरोबरच येतात. काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत एक जादा थर असतो: घर, पाळी, गरोदरपण, आणि कधी कोणाला सांगता न येणारा त्रास देणारा वरचा माणूस. निगडी-आकुर्डीच्या शाळांतली मुलेही यातून सुटलेली नाहीत. परीक्षेच्या सकाळी होणारी उलटी घरात थट्टेचा विषय होते, पण ती वर्षभर, दर सोमवारी होऊ लागली तर मूल शाळेत कशाला तरी घाबरते आहे असे धरून चालावे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. वैद्यकाने आपल्याला न कळलेले आजार मनावर ढकलण्याची चूक वारंवार केली आहे, आणि तिची किंमत रुग्णांनी भरली आहे. जठरातला अल्सर कित्येक दशके काळजीखोर, महत्त्वाकांक्षी माणसांचा आजार समजला जाई. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असल्याचे दाखवले. १९८४ मध्ये मार्शलने तो जंतू स्वतः पिऊन पाहिला, त्याला मळमळ आणि उलट्या झाल्या, जठराला सूज आली, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. त्याहून क्रूर गोष्ट गरोदरपणातल्या तीव्र उलट्यांची. विसाव्या शतकाचा मोठा काळ काही मनोविश्लेषक सांगत राहिले की, अशा स्त्रीला मनातून ते मूल नको असते. हे बाईच्या माथी मारलेले दूषण होते. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की, गर्भाकडून येणारे जीडीएफ१५ हे संप्रेरक आणि आधीपासून त्याची सवय नसलेले आईचे शरीर यांच्यातून हा त्रास होतो. अशा इतिहासानंतर कोणी भावनिक कारणाचे नाव काढले की रुग्णाने सावध व्हावे, हे योग्यच आहे. परंतु या चुका कशा झाल्या ते पाहिले पाहिजे. दोन्ही ठिकाणी मनाचा दोष पुराव्याने सिद्ध केलेला नव्हता, शरीरात काही सापडले नाही म्हणून तो चिकटवला गेला होता. तेव्हा भावनिक कारणालाही जंतूइतकाच रोखठोक पुरावा मागावा: त्रास कोणत्या प्रसंगाशी जोडलेला आहे, प्रसंग टळला की तो टळतो का, वजन टिकून आहे का, झोपेतून उठवणारी उलटी आहे की जागेपणीच येते, बरोबर झोप-भूक-उत्साह यांचे काय झाले. हा पुरावा नसेल तर ‘कारण अजून कळलेले नाही’ असे लिहावे. ते लिहिण्यात डॉक्टरचा कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप कामगार संघटनांकडून येईल, आणि तोही टाळता येण्याजोगा नाही. मनाचे कारण एकदा मान्य केले की गळती, सडके अन्न, बंद पडलेले एक्झॉस्ट फॅन या सगळ्यांवर पांघरूण घालायला मालकाला आयते निमित्त मिळेल. ही भीती हवेतली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या महापालिकेच्या जलतरण तलावात क्लोरीनची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना व तिथल्या कर्मचाऱ्यांना रुग्णालयात न्यावे लागले. तिथे वायू खरोखरच होता. डिसेंबर २०२१ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कामगार मुलींच्या वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली, १५९ जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि मुली रस्त्यावर उतरल्या. तिथे जेवणच वाईट होते. याच्या दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले १९९८ सालचे उदाहरण आहे. एका शाळेत शिक्षिकेला पेट्रोलसारखा वास आला, तिला डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, आणि पाहता पाहता शंभरेक जण रुग्णालयात पोहोचले. हवा, पाणी, रक्त, लघवी सगळे तपासूनही विषाचा मागमूस लागला नाही. त्या मुलांना झालेला त्रास मात्र खोटा नव्हता. भीती एका शरीरातून दुसऱ्यात नजरेने, बोलण्याने, रुग्णवाहिकेच्या सायरनने पसरते, आणि मळमळ हे तिचे आवडते रूप आहे. या तिन्ही घटनांतून निघणारा क्रम ठरलेला आहे: आधी शॉप रिकामे करायचे, हवा आणि पाणी तपासायचे, आणि तपासणीचा निकाल कामगारांसमोर ठेवायचा. निकाल लपवला की पुढच्या वेळी नुसत्या वासानेही माणसे कोसळतील. आणि तपासणीत विष सापडले नाही म्हणून मालक सुटत नाही. ज्या शॉपमध्ये एका वासाने चाळीस माणसांचा धीर सुटतो, तिथे धीर आधीच कोणीतरी संपवलेला असतो. भावनिक कारण हे त्या माणसाच्या कमकुवतपणाविषयी कमी आणि त्याच्या परिस्थितीविषयी जास्त सांगते. हे एकदा ध्यानात घेतले की संघटनेने या कारणाला घाबरण्याऐवजी ते मागण्यांच्या यादीत घ्यावे असेच मी म्हणेन.

तिसरा आक्षेप छोटा आहे आणि त्याला उत्तरही छोटे: ही सुट्टीसाठीची नाटके आहेत. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता मजुरीच्या साधारण ७० टक्के, वर्षाला कमाल ९१ दिवस मिळतो. पहिले दोन दिवस सहसा त्यात धरले जात नाहीत, आणि वर्गणीचे पुरेसे दिवस भरलेले नसतील तर काहीच मिळत नाही. उलटीने एक-दोन दिवस घरी राहिलेल्या कंत्राटी मुलाचा रोज बुडतो, हजेरीचा बोनस जातो आणि नाव लक्षात राहते ते निराळेच. नाटक करून पदरात काय पडणार? नाटक करणारा कोणी नसतोच असा दावा नाही, पण तो नियम धरून बाकीच्यांना तपासणे हा अन्याय आहे.

‘मनाचे आजार पैसेवाल्यांना’ हाही समज या पट्ट्यात घट्ट आहे. २०१५-१६ मध्ये निम्हान्सने १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारानुसार सुमारे ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. ज्याच्याकडे ‘मला भीती वाटते’ असे म्हणायला जागा नाही, त्याची भीती पोटातून बोलते. खोलीवर सहाजण, फोनवर आई, गेटवर ठेकेदार, यांपैकी कोणापुढेही तो ते म्हणू शकत नाही. ‘पित्त झालंय’ मात्र तिघांनाही सांगता येते.

पित्ताचा हा आधार काही वेळा अंगाशी येतो. सकाळी उठून घशात दोन बोटे घालून ‘पित्त काढून टाकण्याची’ सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे, आणि सुट्टीनंतरची मळमळ असलेला तरुण तिच्याकडे हमखास वळतो. उलटी झाल्यावर काही काळ खरेच मोकळे वाटते, म्हणून ती रोजची होते. पण वर येणारे आम्ल दातांचा वरचा थर खाते, अन्ननलिकेच्या तोंडाशी चीर पडून रक्त येऊ शकते, शरीरातले पोटॅशियम घटते आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. शिवाय शरीर आणखी एक सांगड शिकते, की सकाळ झाली की उलटी करायची. याला आयुर्वेदाचा आधार दिला जातो, तोही नीट पाहावा. पंचकर्मातले वमन पूर्वतयारी करून, वैद्याच्या देखरेखीखाली करायचे असते, मोरीत उभे राहून रोज करण्याचा तो विधी नाही. उलट चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात छर्दीचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला पाचवा नकोशा, किळसवाण्या गोष्टींच्या संपर्काने होणारा आहे, आणि मनाला आघात झाला असेल तिथे मनाला रुचेल असे बोलणे, धीर देणे, आनंदित करणे हा उपचार सांगितला आहे. परंपरेचे नाव घ्यायचे तर एवढे तरी घ्यावे.

आजचा उपचार याच दिशेने, अधिक पद्धतशीरपणे जातो. त्रास कसा उद्भवतो हे रुग्णाला चित्र काढून समजावणे हीच अर्धी मात्रा असते, कारण आपल्याला कर्करोग असावा ही भीती मळमळ दुप्पट करते. पोटापर्यंत जाणारा संथ श्वास, टाळलेल्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने परत जाणे, विचार आणि लक्षण यांची साखळी तोडणारी वर्तनोपचार पद्धत, गरजेनुसार कमी मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखे औषध किंवा चिंता-नैराश्यावरचे औषध, यांचा उपयोग होतो. ठरावीक अंतराने उलट्यांचे जोरदार झटके येणाऱ्या रुग्णांचा विकार वेगळा. सॅम्युएल गी यांनी १८८२ मध्येच मुलांमध्ये तो नोंदवला होता, अर्धशिशीशी त्याचे नाते आहे, आणि ताण हे त्याला चेतवणारे एक कारण आहे. पुढे एका स्वतंत्र प्रकरणात तो येतो. दारू आणि गांजा यांमुळे होणाऱ्या सकाळच्या उलट्यांविषयीही तिथेच वाचावे.

पाच मिनिटांत एक रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांकडून हे सगळे व्हावे कसे, असे विचारले जाईल. सगळे होणार नाही. पण ५०० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष हवा, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून आहे. तिथे बसणाऱ्या परिचारिकेच्या नोंदवहीत एकच जादा रकाना घालता येतो: उलटी कामाआधी, कामात की कामानंतर, आणि सुट्टीच्या दिवशी होती का. तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या तर कोणत्या शॉपमध्ये हवा तपासायची आणि कोणत्या लाइनवर सुपरवायझरशी बोलायचे, दोन्ही दिसून येईल. यासाठी यंत्र लागत नाही, मंजुरीही लागत नाही. ही नोंद नावांशिवाय संघटनेलाही दाखवावी, आणि एखाद्याचे भावनिक कारण त्याच्या ठेकेदारापर्यंत कधीही जाऊ नये. ही अट मोडली तर कोणी पुन्हा खरे सांगणार नाही.

वाचकांना विनंती आहे. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, वजन उतरत चालले, पहाटे डोके दुखून जाग येते आणि उलटी होते, छातीत किंवा पोटात जोराचे दुखते, डोळे पिवळे दिसतात, लघवी होत नाही, मधुमेह आहे किंवा पाळी चुकली आहे, तर मनाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, विमा असलेल्यांसाठी चिंचवडला मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय आहे. यांतले काही नसेल आणि मळमळ आठवड्यांमागून आठवडे येतच असेल, तर दोन आठवडे एका कागदावर वार, वेळ, शिफ्ट, काय खाल्ले आणि त्याआधी काय घडले एवढे लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. बोलायला कोणीच नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा केंद्र सरकारचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.